फाटकाच्या दोन मोटारी : सर्व्होसाठी जोडबोर्ड तयार करण्याचा एक पाठ

असोद्याहून जळगावला जाताना रेल्वे फाटकाशी ताटकळत उभे राहण्याचा अनुभव आपल्या गावातील लहानथोर सर्वांच्याच गाठीशी आहे. त्यामुळे विज्ञान प्रदर्शन जवळ आले, की आपल्याकडचा एखादा तरी विद्यार्थी रेल्वे फाटकाची प्रतिकृती घेऊन येतोच. पूर्वी ही फाटके दोरा ओढून वर-खाली करीत असत. आता आठवी-नववीतील मुले आर्डुइनोचा बोर्ड आणि दोन लहान सर्व्हो मोटारी आणतात, संगणकावर चार ओळींचा प्रोग्रॅम लिहितात आणि गाडी आली की फाटक आपोआप पडते. ही मोठी कौतुकाची गोष्ट आहे. परंतु अशा अनेक प्रतिकृतींत एकच चूक पुन्हा पुन्हा आढळते. ती चूक मी स्वतःही केलेली असल्यामुळे तिच्याविषयी लिहिण्याचा मला थोडाफार अधिकार आहे, असे समजतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याने असेच फाटक केले होते. घरी एकेक मोटार चालवून पाहिली, ती उत्तम चालली. प्रदर्शनाच्या दिवशी संगणक नेता येणार नव्हता, म्हणून मी त्याला नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी जोडून दिली. परीक्षक समोर येऊन उभे राहिले, त्याने बटण दाबले, आणि दोन्ही फाटके हिवताप भरल्यासारखी थरथरू लागली. बोर्डावरचा दिवा विझे, पुन्हा लागे. परीक्षक दोन मिनिटे थांबले व पुढच्या टेबलाकडे गेले. मुलगा बिचारा रात्री एक वाजेपर्यंत प्रोग्रॅम खोडून खोडून लिहीत बसला होता. प्रोग्रॅममध्ये काहीही चूक नव्हती. चूक होती ती तारांच्या जोडणीत, आणि तारा मी जोडून दिल्या होत्या. आपल्याला हे जमणारे नाही असे त्या मुलाने जवळजवळ वर्षभर धरून ठेवले, याची चुटपुट मला अजून आहे.

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, नेमके काय झाले होते ते आधी समजून घेऊ या.

सर्व्हो म्हणजे केवळ मोटार नव्हे. तिच्या निळ्या डबीत एक लहानशी मोटार, दातेरी चाके, एक फिरता रोध (रेडिओचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाखाली असतो तसा) आणि एक चिमुकले मंडळ असते. आपण तिला आज्ञा देतो ती विजेच्या ठोक्यांनी. दर वीस मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला पन्नास वेळा, एक ठोका जातो. ठोका साधारण एक मिलिसेकंद टिकला तर दांडा एका टोकाला जातो, दीड टिकला तर मध्यावर आणि दोन टिकला तर दुसऱ्या टोकाला. आतील मंडळ ठोक्याची लांबी मोजते, फिरत्या रोधावरून दांडा आत्ता कोठे आहे ते पाहते, आणि दोन्हींचा मेळ बसेपर्यंत मोटार फिरवते. म्हणून सर्व्होला तीन तारा असतात. तपकिरी तार ऋण म्हणजे ग्राउंड, लाल तार धन, आणि नारिंगी तार आज्ञेची.

यातील मर्म असे, की नारिंगी तारेतून जवळजवळ काहीच वीज जात नाही. तेवढी आज्ञा आर्डुइनो सहज देऊ शकतो. खरी भूक असते ती लाल तारेची. आपल्या मुलांच्या हाती असते ती नऊ ग्रॅम वजनाची लहान सर्व्हो (दुकानात तिला एसजी ९० म्हणतात) नुसती फिरताना शे-दोनशे मिलिअँपियर घेते, परंतु तिचा दांडा अडला किंवा ती झटक्याने निघाली तर सहाशे-सातशेपर्यंत मजल मारते. दोन मोटारी एकदम निघाल्या की मागणी क्षणभर एक अँपियरच्या वर जाते. आर्डुइनो उनोच्या एका पिनमधून वीस मिलिअँपियरपेक्षा अधिक घेऊ नये असा संकेत आहे. त्याच्या पाच व्होल्टच्या पिनवरही, बोर्ड संगणकाच्या यूएसबी तारेवर चालत असेल तर, सुमारे पाचशे मिलिअँपियरची मर्यादा आहे. चौकोनी नऊ व्होल्टच्या बॅटरीची तर गोष्टच नको. ती घड्याळासारख्या किंवा मीटरसारख्या अल्पाहारी यंत्रासाठी आहे. एक अँपियर मागितला की तिचा दाब कोसळतो. दाब २.७ व्होल्टच्या खाली गेला की उनोमधील मायक्रोकंट्रोलर स्वतःला थांबवतो व पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. सुरू होताच प्रोग्रॅम फाटकाला आज्ञा देतो, मोटारी निघतात, दाब पुन्हा कोसळतो. आमच्या फाटकाला भरलेला हिवताप तो हाच.

उपाय एका वाक्याचा आहे. मोटारींना त्यांची स्वतःची वीज द्यावी, आर्डुइनोकडून फक्त आज्ञा घ्यावी, आणि दोघांचे ग्राउंड एकमेकांना जोडावे. हे काम सुटसुटीत व पक्के व्हावे म्हणून मध्ये एक लहानसा बोर्ड करतात. त्याला इंग्रजीत अडॅप्टर म्हणतात. पण आपल्याकडे अडॅप्टर म्हटले की भिंतीत खुपसायचा चार्जर डोळ्यांपुढे येतो, म्हणून मी त्याला जोडबोर्ड म्हणेन.

ग्राउंड जोडण्याचे कारण पुष्कळांना कळत नाही. विहिरीतले पाणी किती हात खाली आहे हे आपण काठापासून मोजतो. तुमच्या विहिरीचा काठ उंचावर आणि माझ्या विहिरीचा काठ खोलगट जागी असेल, तर 'पाच हात पाणी' या शब्दांचा दोघांचा अर्थ निराळा होईल. विजेचा दाबही असाच, कशापासून तरी मोजायचा असतो. आर्डुइनो 'पाच व्होल्ट' म्हणतो ते त्याच्या ग्राउंडपासून. सर्व्होचे ग्राउंड निराळे राहिले तर तिला तो ठोका उमगतच नाही, ती गप्प राहते किंवा वेडीवाकडी फिरते. मात्र दोघांचे धन एकमेकांस जोडू नये. दोन निरनिराळे पुरवठे धन बाजूने बांधले की थोड्या अधिक दाबाचा पुरवठा दुसऱ्यात वीज ढकलू लागतो. जोडबोर्डाकडून आर्डुइनोकडे जायचे ते फक्त ग्राउंड आणि आज्ञेच्या तारा.

तयार बोर्ड बाजारात मिळत नाहीत असे नाही. सोळा सर्व्हो सांभाळणारा, पीसीए ९६८५ या चिपचा बोर्डही मिळतो आणि मोठ्या कामाला तोच घ्यावा. परंतु पहिला बोर्ड आपल्या हाताने करावा असे माझे मत आहे. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, तो याच पायावर. शाळेत न रमलेल्या खेड्यातील मुलांना सुतारकाम, वीजकाम, शेती हे हाताने करता करता विज्ञान शिकवायचे. त्याच पाबळला २००२ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या सहकार्याने फॅब लॅब उभी राहिली. एमआयटीबाहेर उघडलेल्या अशा अगदी पहिल्या प्रयोगशाळांत तिची गणना होते. एमआयटीची माणसे पाबळसारख्या गावी येतात, तर असोद्याच्या अभ्यासिकेत एक जोडबोर्ड व्हायला काय हरकत आहे?

आता साहित्य. चार सर्व्होंसाठी पाच सेंटिमीटर गुणिले सात सेंटिमीटरचा भोकाभोकांचा बोर्ड पुरतो. दुकानात 'झिरो पीसीबी' किंवा 'डॉट बोर्ड' म्हटले की देतात. पिनांची एक बर्ग स्ट्रिप, तिच्यातून तीन-तीन पिनांचे चार तुकडे आणि पाच पिनांचा एक तुकडा तोडून घ्यावा. स्क्रूने तार आवळण्याचा दोन तोंडांचा कनेक्टर एक. हजार मायक्रोफॅरड, सोळा व्होल्टचा कपॅसिटर एक, आणि '१०४' असे लिहिलेला लहान सिरॅमिक कपॅसिटर एक. ३३० ओहमचे चार रोध. त्यांवर नारिंगी, नारिंगी, तपकिरी असे पट्टे असतात. थोडी कथलाचा लेप दिलेली तांब्याची उघडी तार. हत्यारे म्हणजे पंचवीस वॅटचे सोल्डरिंग आयर्न, बारीक सोल्डर वायर, कटर, चिमटा, ओला स्पंज आणि मल्टिमीटर. मीटर स्वतःचा नसल्यास गावातील टीव्ही-मोबाईल दुरुस्त करणाऱ्याकडे जाऊन बसावे. मुलांना तो सहसा नाही म्हणत नाही, असा माझा अनुभव आहे.

वीज कोठून घ्यावी हे महत्त्वाचे आहे. पाच व्होल्ट, दोन किंवा तीन अँपियर असे लिहिलेला अडॅप्टर सर्वांत सोयीचा. पेन्सिल सेल घालायचे असल्यास चार अल्कलाइन सेल मिळून सहा व्होल्ट होतात, तेही या मोटारीला चालतात. आपल्याकडे घरोघरी बारा व्होल्टची बॅटरी असते, तिच्यावर मुलांचा डोळा असतो. ती थेट जोडली तर सर्व्हो गेलीच म्हणून समजावे. ७८०५ हा रेग्युलेटर लावून बाराचे पाच करता येतात, पण उरलेले सात व्होल्ट तो उष्णतेत घालवतो. एक अँपियरला सात वॅट, म्हणजे हात लागला तर फोड यावा इतका ताप. त्यापेक्षा एलएम २५९६ चा तयार लहान बोर्ड घ्यावा, तो थंड राहतो. फक्त मोटार जोडण्यापूर्वी मीटर लावून त्याचा स्क्रू फिरवावा व बरोबर पाच व्होल्ट करून घ्यावेत. तो दुकानातून कोणत्या दाबावर आलेला असेल याचा भरवसा नसतो.

बोर्डाची मांडणी कागदावर आधी काढावी. तीन-तीन पिनांचे चार तुकडे शेजारी शेजारी, मध्ये एकेक भोक सोडून, अशा बेताने बसवावेत की चारी आज्ञा-पिना एका ओळीत, चारी लाल मधल्या ओळीत आणि चारी तपकिरी तिसऱ्या ओळीत येतील. मग बोर्डाखालून मधल्या ओळीभर एक उघडी तार आणि तिसऱ्या ओळीभर दुसरी उघडी तार डाखली की धन व ऋण यांच्या दोन सडका तयार होतात. या दोन सडका कनेक्टरच्या दोन तोंडांना जोडाव्यात. प्रत्येक आज्ञा-पिनपासून एक ३३० ओहमचा रोध घालून काठावरच्या पाच पिनांच्या तुकड्याकडे न्यावे. तेथली पाचवी पिन ग्राउंडची. रोध घालायचे कारण असे, की सर्व्होत बिघाड झाला किंवा हाताने काही चुकले, तरी आर्डुइनोच्या पिनवर येणारा ताण आटोक्यात राहतो. लाल तार मध्ये ठेवण्याची रीतही शहाणपणाची आहे. घाईत प्लग उलटा बसला तरी धन जागचे हलत नाही. मोटार चालत नाही, पण सहसा जळतही नाही.

आता डाख देण्याकडे वळू. आमच्या लहानपणी गल्लीत कल्हईवाला येई. खड्डा खणून, भाता मारून निखारे फुलवी. तापलेल्या पितळी भांड्यावर नवसागर टाकला की पांढऱ्या धुराचा लोट उठे, आणि मग कथलाची कांडी टेकवून कापसाने पुसले की आतून चांदीसारखी लकाकी येई. सोल्डरिंग ही त्याच विद्येची धाकटी बहीण आहे. नवसागर तापल्यावर तांब्या-पितळेवरील काट खाऊन टाकतो व धातू उघडा करतो, म्हणूनच कथील पकडते. सोल्डर वायरच्या पोकळीत राळ भरलेली असते, ती हेच काम सौम्यपणे करते. मात्र घरी नवसागर आहे म्हणून तो बोर्डावर वापरू नये. त्याचा मागे राहिलेला अंश ओल धरतो आणि पावसाळ्यात तांबे हिरवे करून कुरतडतो.

तांब्याला कल्हई देण्याआधी बिटाला द्यावी लागते. आयर्न पहिल्यांदा तापत असतानाच सोल्डर वायर बिटाच्या टोकाला लावावी, म्हणजे टोक चकचकीत होते. काळ्या पडलेल्या बिटाने उष्णता पुढे जात नाही. मुले मग जोर देऊन दाबत बसतात आणि बोर्डावरची तांब्याची टिकली उचकटून येते. जोर लावून काहीच साधत नाही. बिटाचे टोक पिन आणि टिकली या दोघांनाही एकदम टेकवावे. दोन सेकंद थांबावे. मग वायर बिटाला नव्हे, तर समोरच्या बाजूने पिनेच्या बुडाशी लावावी. ती आपण होऊन वितळून पिनेभोवती पसरते. आधी वायर काढावी, मग आयर्न, आणि दोन-तीन सेकंद बोर्डाला धक्का लावू नये. कथील ६३ टक्के व शिसे ३७ टक्के असलेली वायर १८३ अंशांना वितळते व त्याच अंशाला एकदम गोठते. साठ-चाळीसची वायर गोठताना काही क्षण लापशीसारखी राहते आणि तेवढ्यात हात हलला की डाख आतून भेगाळतो.

चांगला डाख ओळखायचा कसा? तो तंबूसारखा दिसतो. बुडाशी पसरट, पिनेकडे निमुळता, बाजू किंचित आत गेलेल्या, आणि चकचकीत. वाईट डाख ज्वारीच्या दाण्यासारखा गोल, पिनेवर नुसता बसलेला असतो. दुरुस्तीवाले त्याला 'ड्राय सोल्डर' म्हणतात. तो घरी चालतो, एसटीत धक्के खाऊन प्रदर्शनाच्या टेबलावर पोहोचला की बंद पडतो. असा डाख दिसला की लाजू नये, पुन्हा तापवावा, थोडी नवी वायर द्यावी. (शिसे नसलेल्या वायरचा चांगला डाखही थोडा मळकट दिसतो. तेथे चकाकीवर न जाता आकार पाहावा.) आमच्या अभ्यासिकेत सर्वांत सुबक डाख एका आठवीतल्या मुलीचे पडले. मी कारण विचारले तर म्हणाली, "काका, मी घाई नाही करत, एवढंच."

बसवण्याचा क्रम बुटक्यांपासून उंचांकडे ठेवावा. आधी रोध, मग सिरॅमिक कपॅसिटर, मग पिना, मग कनेक्टर, आणि सर्वांत शेवटी मोठा कपॅसिटर. म्हणजे बोर्ड उपडा ठेवल्यावर वस्तू खाली पडत नाहीत. पिनांच्या तुकड्याची आधी एकच पिन डाखावी, तुकडा सरळ उभा आहे का ते पाहावे, मग बाकीच्या. एका पिनेवर फार वेळ रेंगाळले तर काळे प्लास्टिक मऊ होऊन पिन कलते. मोठ्या कपॅसिटरचा लांब पाय धनाला, आणि अंगावर उजळ पट्टी असलेली बाजू ऋणाला. उलटा लागल्यास तो फुगतो व फुटतोही, म्हणून पहिल्यांदा वीज देताना तोंड त्याच्यावर वाकवू नये.

या कपॅसिटरविषयी एक गैरसमज आहे. तो लावला की अशक्त बॅटरीही चालेल, असे पुष्कळजण समजतात. हजार मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून एक अँपियर काढत राहिलो तर एका मिलिसेकंदात एक व्होल्ट उतरतो. म्हणजे तो दाराशी ठेवलेली घागर आहे, विहीर नव्हे. मोटार निघतानाचा क्षणाचा धक्का तो झेलतो. पुरवठा मुळात दमदार हवाच.

शिसे पोटात जाऊ नये यासाठी काम करताना काही खाऊ नये, नंतर साबणाने हात धुवावेत. राळेचा धूर दमेकऱ्यास बाधतो, खिडकी उघडी ठेवावी. पिनेचे टोक कापताना त्यावर बोट धरावे, नाहीतर ते थेट डोळ्याकडे उडते. आयर्नची वायर भाजून सोललेली नाही ना, हे वडीलधाऱ्यांनी आधी पाहावे.

बोर्ड तयार झाला की लगेच आर्डुइनो जोडण्याचा मोह होतो. तो आवरावा. प्रथम उजेडात धरून दोन शेजारच्या डाखांमध्ये कथलाचा पूल झालेला नाही ना ते पाहावे. मग मीटर बीपवर ठेवून धन व ऋण यांना लावावा. क्षणभर बीप वाजून थांबली तर ठीक, तो कपॅसिटर भरण्याचा आवाज. वाजतच राहिली तर कोठेतरी पूल आहे. ही परीक्षा उतरल्यावर नुसता पुरवठा जोडावा आणि चारी जागी मधली व तपकिरी पिन यांत पाच व्होल्ट मिळतात का पाहावे. त्यानंतर एक सर्व्हो, त्यानंतर ग्राउंडची तार, आणि शेवटी आज्ञेची तार आर्डुइनोच्या नऊ नंबरच्या पिनला.

प्रोग्रॅममध्ये आर्डुइनोची 'सर्व्हो' लायब्ररी घ्यावी. 'अटॅच' ने पिन सांगायची, 'राइट' ने अंश सांगायचे. उनोवर ही लायब्ररी वापरली की नऊ व दहा या पिनांवर दिव्याचा उजेड कमी-जास्त करण्याची सोय बंद होते. मुलांना हे ठाऊक नसते आणि ती बोर्डालाच दोष देतात. शून्य आणि एकशे ऐंशी ही टोके टाळावीत. सर्व्होच्या आतील अडसर त्याआधीच आला तर ती घूंऽऽ असा आवाज करीत अडून बसते आणि तापते. दहा ते एकशे सत्तर यांच्या आत राहावे. फाटकाला नव्वद अंशच हवेत. ते एकदम न सांगता दर पंधरा मिलिसेकंदांनी एकेक अंश सांगितल्यास फाटक सव्वा-दीड सेकंदात खऱ्या फाटकासारखे सावकाश उतरते. दुसरी मोटार पहिलीच्या अर्धा सेकंद मागून सोडावी. निघतानाचे दोन धक्के मग एकावर एक पडत नाहीत.

एवढे करूनही फाटक थरथरले तर आधी ग्राउंडची तार हलवून पाहावी, दहापैकी सात वेळा दोष तेथेच सापडतो. मग फाटक चालू असतानाच मीटरने धन-ऋण मोजावे. पाचाचे चार होत असतील तर पुरवठा किंवा त्याची तार बारीक आहे. मोबाईलच्या स्वस्त केबलमधील तारा केसाएवढ्या असतात, त्या वापरू नयेत. दाब स्थिर असूनही थरथर थांबत नसेल तर फाटकाची काडी जड आहे. आईस्क्रीमची काडी पुरते, लाकडी पट्टी नको.

पुतण्याने पुढे हा बोर्ड केला. त्याचे पहिले सहा डाख ज्वारीचे दाणे होते, ते त्याने स्वतःच काढून पुन्हा दिले. प्रदर्शनाला निघताना मी त्याला एवढेच सुचवले, की बोर्डाच्या खालच्या बाजूस जाड पुठ्ठा स्क्रूने बसव. शाळांतून मांडलेली टेबले पुष्कळदा पत्र्याची असतात. बोर्ड तसाच ठेवला तर खालच्या दोन्ही सडका पत्र्याला टेकतात आणि इतका नीट केलेला पुरवठा तेथेच शॉर्ट होतो. कनेक्टरच्या धन तोंडाशी नेलपॉलिशचा एक लाल ठिपका दिला, तर गर्दीत तार उलटी लागण्याचीही भीती राहत नाही.